भुईला भार कोण?



आपल्या मराठीत एक जुनी म्हण आहे. ‘खायला काळ आणि भुईला भार.’ ती आपण सहज बोलून जातो. कामधंदा न करणाऱ्या पोराला बाप रागाच्या भरात ऐकवतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याबद्दल शेजारीपाजारी कुजबुजतात. जन्मतः अपंग असलेल्या लेकराच्या आईला तर ती कोणी तोंडावरही ऐकवतो. बोलणाऱ्याच्या मनात दर वेळी दुष्टावा असतो असे नाही. पण ह्या म्हणीत एक हिशेब दडलेला आहे, बघा. माणूस खातो किती, हे एका पारड्यात. माणूस देतो किती, हे दुसऱ्या पारड्यात. दुसरे पारडे हलके पडले की माणूस भुईला भार झाला!

औताचा, पंपाचा, गाडीचा हिशेब आपण असाच मांडतो आणि तो योग्यच आहे. मोडक्या पंपावर कोण खर्च करील? पण गंमत अशी की, आपला शेतकरी बैलाच्या बाबतीतसुद्धा हा हिशेब पुरता पाळत नाही. पोळ्याच्या दिवशी थकलेल्या बैलाच्या पाठीवरही झूल पडते, त्याच्याही तोंडी पुरणपोळी जाते. मग माणसाचाच हिशेब एवढा रोखठोक का व्हावा? माणसाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरते की आणखी कशावर ठरते?

ह्या प्रश्नाला ख्रिस्ती धर्माने काय उत्तर दिले आणि त्या उत्तरासाठी कोणी काय सोसले, हे आज मी आपल्याला सांगणार आहे. कोणाचा धर्म बदलावा असा ह्यात हेतू नाही. शेजारच्या घरात दिवा कसा लावतात, हे पाहिल्याने आपल्या घरातला दिवा काही विझत नाही. झाला तर त्याची वात थोडी सारखी होते.

बायबलचा आरंभच सृष्टीच्या निर्मितीने होतो. देवाने सूर्यचंद्र केले, झाडेझुडपे केली, जनावरे केली आणि शेवटी माणूस केला. पण माणसाच्या बाबतीत तिथे एक वेगळी गोष्ट सांगितली आहे. देवाने माणसाला आपल्या प्रतिमेचा घडवला. आता नीट लक्ष द्या. राजाला देवाची प्रतिमा म्हणणारे ग्रंथ प्राचीन काळी पुष्कळ होते. इथे मात्र राजा म्हटलेले नाही, विद्वान म्हटलेले नाही, धडधाकट म्हटलेले नाही. नुसता माणूस म्हटले आहे. पुरुष आणि स्त्री दोन्ही. म्हणजे जो जो माणसाच्या पोटी आला, त्याच्यावर हा छाप आलाच.

छापाची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. येशूला एकदा काही लोकांनी पेचात धरायचे ठरवले. रोमन बादशहाला कर द्यावा की देऊ नये, असे त्यांनी विचारले. येशूने नाणे मागवले आणि त्यावर चित्र कोणाचे आहे, असा उलट प्रश्न केला. चित्र बादशहाचे होते. तेव्हा बादशहाचे ते बादशहाला द्या आणि देवाचे ते देवाला, असे त्याने सांगितले. पुढे इसवी सन २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत तर्तुलियन नावाचा एक ख्रिस्ती ग्रंथकार होऊन गेला. त्याने ह्या गोष्टीचा अर्थ फार छान लावला. नाण्यावर बादशहाचा छाप, म्हणून नाणे बादशहाचे. माणसावर देवाचा छाप, म्हणून माणूस देवाचा. तात्पर्य काय, तर माणसाचे जीवन ही देवाची ठेव आहे. दुसऱ्याचे जीवन माझ्या मालकीचे नाही आणि माझे स्वतःचे जीवनही पुरते माझ्या मालकीचे नाही. मी त्याचा राखणदार आहे. ठेव राखायची असते, ती मोडायची नसते.

येशूने सांगितलेली मेंढपाळाची गोष्टही अशीच आहे. आपल्या धनगर बांधवांना ती चटकन समजेल. शंभर मेंढरांतले एक चुकले. व्यवहारी माणूस म्हणेल, नव्याण्णव तर हाती आहेत, शंभरात एकाचे नुकसान काही फार नाही. पण तो मेंढपाळ नव्याण्णव मागे ठेवून त्या एकाच्या शोधात निघतो आणि सापडल्यावर त्याला खांद्यावर घेऊन येतो. हे टक्केवारीचे गणित नव्हे. ज्याच्या घरचे मूल जत्रेत हरवले आहे त्याला विचारा. ‘बाकीची चार आहेत ना’ असे म्हटल्याने त्याचे समाधान होईल काय?

आणि तिसरी गोष्ट कुष्ठरोग्याची. त्या काळच्या यहुदी समाजात अशा माणसाने वस्तीबाहेर राहायचे, कोणी जवळ आले तर ओरडून आपण अशुद्ध असल्याचे कळवायचे, असा दंडक होता. असा एक जण येशूपुढे येऊन गुडघे टेकतो. येशू हात पुढे करून त्याला शिवतो आणि मग त्याला बरे करतो. हा क्रम ध्यानात ठेवा. आधी बरे केले आणि मग शिवले, असे नाही. रोगी असतानाच शिवले. शिवाशिवीचे दुःख आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. तेव्हा त्या एका स्पर्शाचा अर्थ मी आपल्याला फोड करून सांगायला नको.

आता हा विचार ज्या जगात आला, ते जग कसे होते ते पाहू. रोमन साम्राज्यात नको असलेले मूल उघड्यावर टाकून देण्याची चाल होती. मूल अशक्त निघाले, व्यंग असले किंवा मुलगी झाली, तर बाप ते टाकू शकत असे आणि कायदा त्याला अडवत नसे. इजिप्तच्या वाळूत त्या काळचे पुष्कळ कागद सापडले आहेत. त्यांत इसवी सनापूर्वी १ ह्या वर्षाचे एक पत्र आहे. कामासाठी परगावी गेलेल्या एका मजुराने घरी गरोदर बायकोला ते लिहिले आहे. पत्र मोठे मायेचे आहे. काळजी करू नकोस, मजुरी मिळताच पाठवतो, असे त्यात आहे. आणि त्याच पत्रात, मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे, असेही आहे. लिहिणारा कोणी राक्षस नव्हता हो! साधा, संसारी माणूस होता. त्याच्या काळाचा हिशेबच तसा होता.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी हा हिशेब नाकारला. त्यांच्या अगदी जुन्या शिकवणपुस्तकांपैकी एक ‘दिदाखे’ नावाचे आहे. पोटातल्या जिवाला आणि जन्मलेल्या बाळाला मारू नये, असा स्पष्ट नियम त्यात आहे. टाकलेली मुले उचलून आणून वाढवण्याचे कामही त्या लोकांनी केले. पुढे इसवी सन ३७४ मध्ये रोमन कायद्यानेच तान्ह्या मुलाची हत्या हा देहदंडाचा गुन्हा ठरवला. त्याच सुमारास, आजच्या तुर्कस्तानातल्या कैसरिया शहरी बासिल नावाचे बिशप होते. त्यांनी गावाबाहेर गोरगरीब, वाटसरू, आजारी आणि कुष्ठरोगी ह्यांच्यासाठी एक मोठी वसाहतच उभारली. बासिल स्वतः कुष्ठरोग्यांना जवळ घेत, असे त्यांच्या मित्राने लिहून ठेवले आहे. इस्पितळ नावाची जी संस्था आज आपण पाहतो, तिच्या इतिहासात ह्या वसाहतीचे स्थान मोठे आहे.

आता तुम्ही म्हणाल, ही तर फार जुनी गोष्ट झाली. विज्ञान आले, शिक्षण आले. आता असा हिशेब कोण करतो? दुर्दैवाने, तो हिशेब सगळ्यांत पद्धतशीरपणे झाला तो अलीकडेच आणि तोही अतिशय सुशिक्षित देशात. तो देश म्हणजे जर्मनी.

१९२० साली तिथे एक कायदेपंडित आणि एक मानसोपचाराचा प्राध्यापक ह्यांनी मिळून एक छोटे पुस्तक लिहिले. काही जीवने जगण्याच्या लायकीची नसतात, ती संपवायला हरकत नसावी, असा त्याचा विषय होता. म्हणजे पहिले बीज गुंडांनी पेरले नाही, विद्वानांनी पेरले. पुढे हिटलर सत्तेवर आला आणि ते बीज शाळेपर्यंत पोचले. शिक्षक बंधुभगिनींनो, हे तुम्ही विशेष ऐका. त्या काळच्या गणिताच्या पुस्तकांत मुलांना उदाहरणे असत, ती अशा थाटाची. वेड्यांचे इस्पितळ बांधायला इतका पैसा लागतो. एका कुटुंबाच्या घराला इतका लागतो. तर इस्पितळाच्या पैशात घरे किती होतील? भागाकार साधा आहे. उत्तर बरोबर आले की पैकीच्या पैकी गुण. पण भागाकार शिकता शिकता पोर आणखी काय शिकले? कोणाच्या जगण्यामुळे कोणाचे घर अडले, हे शिकले. अशा माणसांना तिथे निरुपयोगी खाणारी तोंडे म्हणत. आपल्या ‘खायला काळ’ची आठवण झाली ना?

महायुद्ध सुरू झाले त्याच सुमारास, १९३९ मध्ये, हिटलरने ह्या कामाला गुप्त परवानगी दिली. इस्पितळांतून, आश्रमांतून मतिमंद, मनोरुग्ण, अपंग माणसांच्या याद्या मागवल्या गेल्या. काम करू शकतो का, किती करतो, हा त्या अर्जातला मुख्य प्रश्न. मग राखाडी रंगाच्या मोटारी येत आणि माणसे घेऊन जात. काही दिवसांनी घरी पत्र येई की, आपला माणूस अमुक आजाराने वारला. साथीच्या भीतीने दहन केले आहे. अस्थी हव्या असल्यास कळवावे. सगळे खोटे! सहा ठिकाणी विषारी वायूच्या कोठड्या बांधलेल्या होत्या. ऑगस्ट १९४१ पर्यंत, त्या खात्याच्या स्वतःच्या नोंदींनुसार, सत्तर हजारांवर माणसे अशी मारली गेली.

ह्या अंधारात दोन माणसे उभी राहिली, त्यांची गोष्ट सांगतो. पहिला लोथार क्राइसिग. ब्रांडेनबुर्ग गावचा न्यायाधीश. ज्यांना स्वतःचा कारभार पाहता येत नाही अशा लोकांच्या पालकत्वाची प्रकरणे त्याच्याकडे असत. आपल्या देखरेखीखालच्या माणसांच्या मृत्यूची पत्रे एकामागून एक यायला लागली, तेव्हा त्याला संशय आला. क्राइसिग श्रद्धावान ख्रिस्ती. १९४० च्या जुलैमध्ये त्याने थेट न्यायमंत्र्याला पत्र लिहिले आणि हा प्रकार चालवणाऱ्या बड्या अधिकाऱ्यावर खुनाची फिर्यादही दिली. मंत्र्याने त्याला बोलावून हिटलरचा हुकूम दाखवला. क्राइसिगने सांगितले, अशा हुकुमाने अन्यायाचा न्याय होत नाही. मंत्री म्हणाला, पुढाऱ्याची इच्छा हाच कायदा, हे तुम्हांला मान्य नसेल तर तुम्हांला न्यायाधीश राहता येणार नाही. मग राहिला नाही तो! त्याची नोकरी गेली. तो आपल्या शेतावर जाऊन शेती करू लागला आणि युद्धाच्या काळात त्या शेतावर त्याने दोन यहुदी स्त्रियांना लपवून वाचवले. सगळ्या जर्मनीत ह्या हत्येविरुद्ध असा उभा राहिलेला न्यायाधीश हा एकच.

दुसरे म्युन्स्टर शहराचे बिशप फॉन गालेन. ३ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांनी भर देवळात, व्यासपीठावरून, हा सगळा प्रकार उघड केला. माणूस म्हणजे जुने यंत्र नव्हे, लंगडा घोडा नव्हे, आटलेली गाय नव्हे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यांनी आणखी एक रोखठोक गोष्ट सांगितली. आज निरुपयोगी म्हणून वेड्याला मारायचा हक्क मान्य केलात, तर उद्या म्हातारे झाल्यावर तुमचे काय? लढाईत हातपाय गमावून आलेल्या सैनिकांचे काय? त्या प्रवचनाच्या प्रती चोरून छापल्या गेल्या, हातोहात फिरल्या. त्याच महिन्यात हिटलरने वायूच्या कोठड्यांचे ते काम थांबवण्याचा हुकूम दिला. बिशपला हात लावायची हिंमत सरकारला झाली नाही, पण लहान माणसांना ती किंमत भरावी लागली. ल्युबेक गावच्या तीन कॅथॉलिक धर्मगुरूंना आणि एका प्रॉटेस्टंट पाळकाला पकडले गेले. ही प्रवचने वाटल्याचाही त्यांच्यावर ठपका होता. १९४३ च्या नोव्हेंबरात त्या चौघांचा शिरच्छेद झाला. आयुष्यभर दोन वेगळ्या पंथांत राहिलेली माणसे एका दिवशी एकाच कारणासाठी गेली.

परंतु ह्या गोष्टीची दुसरी बाजू लपवणे बरे नाही. हुकूम निघाला तरी हत्या पुरत्या थांबल्या नाहीत. औषधाच्या मात्रा वाढवून, उपाशी ठेवून त्या गुपचूप चालूच राहिल्या. आणि यादी भरून देणारे डॉक्टर, मोटारी चालवणारे लोक, गप्प बसलेले शेजारी हे बहुतेक ख्रिस्तीच होते. धर्मसंस्थांच्या आश्रमांतूनही माणसे दिली गेली. त्याआधीच्या शतकांत ख्रिस्ती म्हणवणाऱ्या राष्ट्रांनी आफ्रिकेतल्या माणसांना जहाजात कोंबून विकले, धर्माच्या नावाने लढाया केल्या. म्हणजे शिकवण ग्रंथात असली की झाले, असे नाही. ती प्रत्येक पिढीत कोणाला तरी स्वतःची भाकर पणाला लावून खरी करावी लागते.

आपल्याकडे ती खरी करून दाखवणारी माणसे झाली आहेत. पंडिता रमाबाई त्यांतल्या एक. तरुणपणी दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आई, वडील आणि थोरली बहीण गमावली होती. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ चा मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने सांगाडा झालेल्या तीनशेच्या आसपास मुली नि बायका घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगावला त्यांनी ‘मुक्ती’ची वसाहत उभी केली. तिथे विधवा होत्या, टाकलेल्या बायका होत्या, आंधळ्या मुली होत्या. समाजाच्या हिशेबात ह्यांच्याइतक्या निरुपयोगी दुसऱ्या कोण? त्याच बायका तिथे शेती करू लागल्या, माग चालवू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई ह्यांनी आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. त्याच्या कितीतरी आधी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले ह्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून विधवांच्या बाळांना वाचवले होते, हेही इथे आठवले पाहिजे. धर्माची नावे वेगळी असली तरी जीव वाचवणारे हात एकमेकांना ओळखतात.

वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात १९४६ साली डॉ. पॉल ब्रँड आले. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, असे तेव्हा डॉक्टरही मानत. ब्रँड रोग्यांचे हात हातात घेऊन पाहत बसले. त्यांना दिसले की, बोटे रोग खात नाही. हाताला वेदनाच कळत नाही, म्हणून भाजते, कापते, चिघळते आणि शेवटी बोट जाते. रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडतात आणि रोग्याला जागही येत नाही! तेव्हा बऱ्या झालेल्या रोग्याला घरी पाठवताना बरोबर एक मांजर द्यायची पद्धत त्यांनी घातली. वाकडी झालेली बोटे शस्त्रक्रियेने सरळ करता येतात, हेही त्यांनी दाखवले. ज्या हातांकडे कोणी बघायला तयार नव्हते, त्या हातांकडे एक माणूस नीट बघत राहिला, म्हणून हे कळले. ज्याला आपण भार म्हणतो, त्याच्याकडे आपण नीट बघतच नाही, हा ह्यातला धडा.

त्याच वेल्लोरला शिकलेले एक जोडपे म्हणजे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. १९७० साली ती दोघे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला आली. तो सगळा कोरडवाहू, दुष्काळी मुलूख. तान्ही मुले जुलाबाने, धनुर्वाताने दगावत. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार बालकांमागे १७६ पहिल्या वर्षातच जात. आरोळ्यांना दिसले की, इस्पितळात बरा झालेला रोगी त्याच घाण पाण्याकडे परत जातो. मग त्यांनी गावोगावच्या बायकांनाच आरोग्याचे काम शिकवले. त्यांतल्या पुष्कळ जणी निरक्षर, पुष्कळ दलित वस्तीतल्या. पाण्यासाठी विंधणविहिरी खोदायची वेळ आली, तेव्हा त्या दलित वस्तीत घेण्याची खबरदारी घेतली. मग गावाला पाण्यासाठी तिथेच यावे लागले! वीसेक वर्षांत बालमृत्यूचा तो आकडा तिसाच्या खाली आला. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच हातावर गावातली बाळे जन्माला येऊ लागली. १९७९ मध्ये ह्या जोडप्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पण खरी किमया त्या बायकांची. त्यांना कोणीतरी प्रथम माणूस म्हणून ओळखले आणि मग त्यांनी शेकडो माणसे जगवली.

श्रोतेहो, आता थोडे आपल्या आजच्या अंगणात येऊ. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८९४ भरल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्याच राज्याने १९८८ साली केला आणि तरीही हा आकडा! दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या इजिप्तमधल्या पत्राला आपण नावे ठेवली. त्याचेच उत्तर आपण यंत्राच्या साहाय्याने लिहीत आहोत. गर्भातल्या जिवाविषयी ख्रिस्ती पंथांत बारीकसारीक मतभेद आहेत. कॅथॉलिक चर्च गर्भधारणेपासूनच त्याला मनुष्यजीवन मानते. आईचा जीव धोक्यात असेल तेव्हा काय करावे, ह्याबद्दल काही प्रॉटेस्टंट पंथांचे म्हणणे निराळे आहे. फाशीच्या शिक्षेबद्दलही पूर्वी मतभेद होते आणि आजही थोडे आहेत. पण २०१८ साली कॅथॉलिक चर्चने फाशी मुळीच मान्य नाही, असे आपल्या शिकवणीत नमूद केले. परंतु मुलगी म्हणून जीव नाकारणे हे पाप आहे, ह्याबद्दल कोणाचेच दुमत नाही.

म्हातारपणाबद्दलही असेच. मरण टेकलेल्या माणसाला यंत्रांच्या जोरावर ओढत राहिलेच पाहिजे, असे ख्रिस्ती शिकवण म्हणत नाही. मरणही स्वीकारायचे असते. मात्र आता ह्याचा उपयोग नाही म्हणून त्याला संपवा, हे तिला मान्य नाही. ह्या दोहोंतली रेघ बारीक आहे, पण ती आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिकांनी बेशुद्धावस्थेतल्या आपल्या एका भगिनीची १९७३ पासून २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, शुश्रूषा केली. त्या निरनिराळ्या धर्मांच्या होत्या. ती रेघ कुठे आहे, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ही म्हण आपण दुसऱ्याला लावतो तेव्हा वाईटच. पण माणूस ती स्वतःला लावून घेतो, तेव्हा फार मोठा घात होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हे घडले आहे. पीक गेले, कर्ज फिटेना, पोरीचे लग्न अडले. कर्ता माणूस मनाशी म्हणू लागतो, मी आता घराला भार झालो. मी गेलो तर ह्यांचे ओझे उतरेल. नाही हो! ओझे उतरत नाही. ते बायकोच्या आणि पोरांच्या डोक्यावर जन्मभरासाठी चढते. जो गेला त्याची निंदा करू नये. त्याच्या मनाचा काळोख आपण पाहिलेला नसतो. पण जो अजून आहे, त्याला एवढे सांगितलेच पाहिजे की, गडी, कर्ज तुझ्या नावावर आहे. तू कर्जाच्या नावावर नाहीस. सावकाराच्या वहीत तुझे देणे लिहिलेले असेल, तुझे मोल तिथे लिहिलेले नाही. ते फार वर लिहिलेले आहे आणि तिथे दुष्काळाने खाडाखोड होत नाही.

असा कोणी गावात गप्प गप्प झाला, देवाणघेवाण आवरू लागला, निरोपाचे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. ‘मनात काही वेडेवाकडे येते का’ असे सरळ विचारा. विचारल्याने ते वाढत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर फोन केला तर मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर, सोसायटीच्या भिंतीवर, चावडीवर लिहून ठेवा.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात एखादे मूल सगळ्यांत मागे असते. त्याला बेरीज येत नाही, बोलता नीट येत नाही. पोरे त्याला हसतात. त्याचे काय करायचे, हे तुम्ही ज्या रीतीने ठरवाल, त्यावरून बाकीची चाळीस मुले माणसाचे मोल कसे करायचे ते शिकतील. जर्मनीतल्या मुलांना गणिताच्या तासालाच एक धडा मिळाला होता. आपल्या मुलांना त्याच तासाला दुसरा धडा देता येईल. त्यासाठी पुस्तक बदलावे लागत नाही. त्या मागच्या मुलाच्या शेजारी थोडा वेळ बसावे लागते, एवढेच.

आपल्या संतांनीही रंजल्यागांजल्यांना जवळ करण्यातच साधुत्व पाहिले. तेव्हा आज सांगितलेले आपल्याला अगदी परके वाटले नसेल. भुई कोणालाच भार म्हणत नाही. ती नांगरणाऱ्याला धरते, तशी पांगळ्यालाही धरते. हिशेब मांडतो तो आपण, आणि तो मोडायचा तोही आपणच. आज रात्री जेवताना घरातल्या ज्या माणसाला ताट सर्वांत शेवटी जाते, त्याला ते आधी द्या. सुरुवातीला तेवढे पुरे आहे.